पहाटे सहा-चाळीसचा मुहूर्त

भाचीनं पाठवलेल्या एक्सेलच्या तक्त्यात ‘सूर्य’ नावाचा एक रकाना होता. शेजारी ‘वारा’, त्याच्या शेजारी ‘एल्क’ आणि सगळ्यात शेवटी ‘मामा’. आपल्याकडे मुलीला बोहल्यापर्यंत आणण्याचा मान मामाचा. इथं माझ्या नावापुढे लिहिलं होतं : ‘रिफ्लेक्टर धरणे’.

लग्न कोलोरॅडोतलं. भाची डेन्व्हरला नोकरीला, आणि जावई शेजारच्या नेब्रास्काचा. तो मुलूख इतका सपाट की तिथं वाढलेल्या माणसाला एकदा डोंगराचं वेड लागलं की ते आवरत नाही. म्हणून ठरलं ते असं : सप्तपदी, मंगलाष्टकं, पंगत हे सगळं डेन्व्हरच्या हॉलमध्ये, गुरुजींच्या देखरेखीखाली, आणि त्याच्या आदल्या दिवशी रॉकी माउंटन नॅशनल पार्कात छोटेखानी समारंभ. माळा घालायच्या, कागदावर सह्या करायच्या आणि फोटो काढायचे. खरं सांगायचं तर फोटो काढायचे, आणि आलोच आहोत तर माळाही घालून घ्यायच्या.

पार्क म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे घसरगुंडी आणि भेळेची गाडी येते. हे पार्क १९१५ सालचं, त्यातलं सर्वांत उंच शिखर १४,२५९ फुटांचं, आणि त्यातून जाणारा डांबरी रस्ताच मुळी बारा हजार फुटांच्या वर चढतो. डेन्व्हर शहर ५,२८० फुटांवर वसलेलं. म्हणजे विमानातून बॅगा घेऊन बाहेर पडणारा माणूस जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर उभा असतो, फक्त त्याला ते कुणी सांगत नाही. फोटोंसाठी ठरलेला स्प्रेग लेक तर आणखी तीन हजार फूट वर. तिथली हवा इतकी विरळ की ताई, म्हणजे वधूची आई, एका दमात पूर्ण सूचना देऊ शकेना. “अरे त्या पिशवीतला...” एवढं म्हणून ती थांबायची, श्वास घ्यायची, आणि तोवर पिशवीतलं ते काहीतरी दुसऱ्याच कुणीतरी काढलेलं असायचं. मेहुण्यांनी या उंचीवर कायमचं घर घेता येईल का, याची चौकशी केली.

पुण्याहून व्हिडिओ कॉलवर आईचा एकच प्रश्न होता : “गोरज मुहूर्त का नाही धरत? तेव्हाचा उजेड किती गोड असतो.”

ऐंशी ओलांडलेल्या बाईनं फोटोग्राफीचा पहिला धडा एका वाक्यात सांगून टाकला होता. सूर्य क्षितिजाशी आला की त्याच्या किरणांना हवेचा जाड थर तिरपा कापत यावं लागतं. निळा रंग वाटेतच विखरून जातो, उरतो तो तांबूस सोनेरी. सावल्या लांबतात आणि मऊ होतात, डोळ्यांखाली काळे खड्डे पडत नाहीत, आणि पंचावन्नच्या माणसालाही आपण अजून बरे दिसतो असं वाटू लागतं. लग्नाचे फोटोग्राफर सगळ्या जगात याच घटकेवर टपून असतात. आईला हे ठाऊक असण्याचं कारण एवढंच, की तिच्या लहानपणी गावात त्या वेळी गाई घरी येत आणि त्यांच्या खुरांच्या धुळीतून तो उजेड गाळून येई.

पण रॉकीत गोरज मुहूर्ताला दोन हरकती निघाल्या. पहिली भूगोलाची. पार्काच्या पूर्व अंगाला, म्हणजे जिथं ही गाजलेली तळी आहेत तिथं, मुख्य डोंगररांग पश्चिमेला उभी आहे. पंचांगातला काय आणि मोबाइलच्या ॲपमधला काय, सूर्यास्त सपाट क्षितिजाचा असतो. इथं सूर्य त्याच्या कितीतरी आधी कड्यामागे उतरतो, आणि तळ्यावर सोनं सांडायच्या ऐवजी निळसर सावली पसरते. ॲपवर सात वाजून पाच मिनिटं दिसतात म्हणून साडेसहाला नटूनथटून आलेली जोडपी काळवंडलेल्या पाण्यासमोर एकमेकांकडे बघत उभी राहतात.

दुसरी हरकत एल्कची. एल्क हा आपल्या सांबराचा थोराड अमेरिकी भाऊबंद. शिकाऱ्यांनी त्याला या खोऱ्यांतून जवळजवळ संपवलं होतं. १९१३-१४ मध्ये यलोस्टोनच्या बाजूनं काही जनावरं आणून सोडली, त्यांची ही आजची प्रजा. सप्टेंबर-ऑक्टोबर हा त्यांचा लगीनसराईचा काळ. सांज झाली की शिंगं मिरवत नर कुरणात येतो, मान वर करून अशी काही लांबलचक शीळ घालतो की एवढ्या धिप्पाड देहातून एवढा बारीक आवाज निघतो यावर विश्वास बसत नाही, आणि जमतील तितक्या माद्या गोळा करून दुसऱ्या नरांवर डोळे वटारत उभा राहतो. म्हणून त्या दोन महिन्यांत संध्याकाळपासून सकाळपर्यंत ती कुरणं माणसांच्या पायांना बंद असतात. रस्त्यावरून बघा, खाली उतरू नका. एरवीही एल्कपासून ७५ फूट लांब राहायचं, अस्वल किंवा मूस दिसला तर १२०. म्हणजे मुहूर्त होता, उजेड होता, पण हॉल आधीच बुक झालेला होता.

“मग मे महिन्यात करा,” आई म्हणाली. मे महिन्यात तिथं बर्फ असतं. जुलै-ऑगस्टमध्ये रानफुलं असतात, पण दुपारी ढग जमून विजा पडतात आणि उंचावरच्या मोकळ्या जागी थांबणं जिवावरचं काम होतं. सप्टेंबरच्या मध्यावर ॲस्पेनची झाडं सोनेरी होतात. एकाच मुळावरून उगवलेली शेकडो खोडं, सख्ख्या भावकीनं हळदीला एकाच रंगाचे कपडे घालावेत तशी एकदम पिवळी होतात. सप्टेंबर ठरला. आणि संध्याकाळ गेली म्हटल्यावर उरली पहाट, तीही कुरणात नव्हे, तळ्याकाठी. सूर्योदय सहा-चाळीसचा.

पहाट ठरण्यामागे आणखी एक कारण होतं, आणि ते भाचीनं मला कागदावर रेघा मारून समजावलं. स्प्रेग लेकच्या पलीकडे हॅलेट पीक, फ्लॅटटॉप ही शिखरं पश्चिमेला. सकाळी सूर्य आपल्या पाठीमागून येतो आणि तळं अंधारात असतानाच आधी शिखरांची टोकं पेटवतो. तो गुलाबी रंग कड्यावरून हळूहळू खाली सरकतो. त्या वेळी वारा सुटलेला नसतो, त्यामुळे तेच सगळं पाण्यात उलटं दिसतं. हा खेळ पाव तासाचा. नंतर ऊन माणसांच्या तोंडावर येतं, सगळे डोळे बारीक करतात, वारा पाणी विस्कटतो आणि फोटो संपतात.

या पाव तासासाठी वधू रात्री दोनला उठली. केस आणि मेकअप करणारी मुलगी अडीचला आली; तिच्या व्यवसायात ही वेळ रोजची होती असं दिसलं, कारण जांभई फक्त आम्ही देत होतो. नऊवारीचा निर्णय ताईचा, आणि तो सगळ्या योजनेतला सर्वांत शहाणा ठरला. पांढरा झगा घालून येणाऱ्या तिकडच्या वधूंना त्याचा घोळ दव पडलेल्या गवतातून ओढत न्यावा लागतो. आमची भाची कासोटा मारून, पायात ट्रेकिंगचे बूट घालून खडकांवरून टणाटण उड्या मारत गेली. बूट नऊवारीखाली झाकले जात नव्हते, तेव्हा ते तसेच फोटोत आले आहेत. नथ मात्र गार पडली होती. धातू थंडीत असा काही गारठतो की नाकाला लावल्यावर ती “आई गं” म्हणाली, आणि तो फोटोही आहे. जावयाच्या फेट्याला आतून अकरा पिना होत्या.

आता नियम. राष्ट्रीय उद्यानात लग्न लावायचं तर परवाना लागतो, त्याचे ३०० डॉलर, आणि जागा त्यांनी नेमून दिलेल्यांपैकीच. काही ठिकाणी माणसांची मर्यादा पंधरा. हे ऐकून ताईनं बोटं मोजायला सुरुवात केली आणि आत्यांपर्यंत आल्यावर थांबली. पंधरा माणसांत मराठी लग्न म्हणजे नुसते रुसलेले पाहुणे सांभाळायलाही माणूसबळ नाही. आमची जागा थोडी सैल होती, तरी यादी करताना जे बोलणं झालं ते इथं लिहिण्यासारखं नाही. ड्रोनला २०१४ पासून सगळ्याच अमेरिकी राष्ट्रीय उद्यानांत बंदी. आपल्याकडे अंतरपाटाच्या वर ड्रोन घोंघावत असतो आणि गुरुजी मंत्र म्हणता म्हणता वर बघून अंग चोरतात, त्यामुळे ही बंदी मला व्यक्तिशः फार आवडली. मंगल कार्यालयांनी ती घाऊक उचलावी.

खरा घाव पुढच्या कलमात होता. तांदूळ, पक्ष्यांचं खाणं, फुलांच्या पाकळ्या, यांतलं काहीही उधळायचं नाही. ताईला हे दोनदा वाचून दाखवावं लागलं. “अक्षता नाहीत?” तिचा स्वर असा होता, की जणू वरच नाही असं तिला सांगितलं होतं. कारण सरळ आहे : बाहेरचं बी तिथं रुजायला नको आणि माणसानं टाकलेलं अन्न खायची सवय प्राण्यांना लागायला नको. एका लग्नाच्या मूठभर तांदळानं काय होतंय, हा प्रश्न प्रत्येक लग्नातला प्रत्येक जण विचारतो, म्हणून तर नियम करावा लागतो. तरी ताईनं कुंकवानं रंगवलेल्या अक्षतांची चांदीची डबी पर्समध्ये नेलीच. तळ्याकाठी रेंजरची टोपी दिसली की ती पर्स पोटाशी धरायची. उधळल्या नाहीत तिनं. परत आल्यावर हॉटेलच्या खोलीत, पलंगावर बसलेल्या दोघांच्या डोक्यावर टाकल्या, आणि मग स्वतःच व्हॅक्यूम मागवला.

कोलोरॅडोचा कायदा मात्र आपल्या कल्पनेपेक्षा फार उदार. तिथं भटजी, पाद्री, न्यायाधीश, कुणीही लागत नाही. काऊंटीच्या कार्यालयातून लग्नाचा कागद आणायचा, ३५ दिवसांच्या आत लग्न लावायचं, आणि आपलं लग्न आपणच लावून सह्या करून तो कागद परत द्यायचा. साक्षीदारही नको. त्यामुळे हौशी जोडपी त्या रिकाम्या जागी आपल्या कुत्र्याच्या पंजाचा ठसा उमटवतात. जगभरची माणसं लग्नाला या डोंगरांत का येतात, त्याचं निम्मं उत्तर शिखरांत असेल तर निम्मं या कायद्यात आहे. ताईला हे अजिबात पटलं नाही. तिचं म्हणणं, कुणीतरी तिसऱ्यानं मोठ्यांदा ‘सावधान’ म्हटल्याशिवाय माणूस सावध होत नाही.

रिफ्लेक्टर धरून उभं राहिलं की विचार करायला भरपूर वेळ मिळतो. चंदेरी कापडाची ती तबकडी छातीशी धरायची, फोटोग्राफर बोटानं सांगेल तशी अंशाअंशानं तिरपी करायची आणि बोलायचं नाही. तेव्हा मला आमच्या गावातला स्टुडिओ आठवला. लग्न झालेली जोडपी आठवडाभरात तिथं जात. मागे रंगवलेला पडदा : बर्फाचे डोंगर, निळं तळं, त्यात एक राजहंस, कडेला कठडा. जोडप्यातल्या कुणीही बर्फ पाहिलेलं नसे. आई-बाबांचा फोटो त्याच पडद्यासमोरचा. माणसं हलत नसत, डोंगर तर नाहीच नाही, आणि उजेड फोटोग्राफरच्या मर्जीतला. या पार्काचा एकूण एक नियम वाचताना मला वाटत होतं, की तो डोंगर आपल्याला एकच गोष्ट बजावतोय : मी पडदा नाही. माझ्याकडे जनावरं आहेत, त्यांची लग्नं आहेत, माझं गवत आहे, माझ्या विजा आहेत. यात तुम्हाला पाव तास देतो, तोही पहाटेचा.

अर्थात डोंगरही वाटतो तितका सोवळा नाही. ज्या स्प्रेग लेकच्या आरशासारख्या पाण्यावर सगळे लुब्ध होतात, ते तळं माणसानं केलेलं आहे. ॲबनर स्प्रेग नावाच्या जुन्या रहिवाशानं आपल्या लॉजमधल्या पाहुण्यांना मासे धरता यावेत म्हणून ओढा अडवून ते तयार केलं. पुढे पार्कानं १९३९ मध्ये प्रवेशमूल्य सुरू केलं, तेव्हा पहिलं तिकीट काढणारा माणूस हाच. स्वतः केलेल्या तळ्याकडे जायला स्वतःच्या खिशातून पैसे. हे मी ताईला सांगितलं, तर ती म्हणाली, “म्हणजे आपले ३०० काही जास्त नाहीत.”

सहा-चाळीसला शिखर पेटलं. फोटोग्राफर बाई तोवर शांत होती. एकदम धावायला लागली. “आत्ता!” एवढंच ती म्हणत होती. अंतरपाट मी आणि व्याह्यांनी धरला, म्हणजे रिफ्लेक्टर काही वेळ गवतात पडला. माळा शेवंतीच्या आणि झेंडूच्या, डेन्व्हरहून बर्फाच्या पेटीत आणलेल्या. घालताना त्यांच्या पाकळ्या गळाल्या, आणि समारंभ संपल्यावर दोन्ही घरांची झाडून सगळी माणसं, रेशमी झब्ब्यांत आणि सुटांत, उकिडवी बसून गवतातून एकेक पाकळी वेचून प्लास्टिकच्या पिशवीत टाकत होती. नेब्रास्काच्या विहीणबाईंना वाटलं की हाही विधीच आहे. त्यांनी भक्तिभावानं आपल्या वाट्याच्या पाकळ्या वेचल्या आणि पिशवी कुणाच्या हातात द्यायची ते विचारलं. मामाच्या, असं मी सांगितलं. तेवढाच एक मान पदरात पडला.

आता अशा लेखात पुढचं वाक्य ठरलेलं असतं : ठरवून काढलेल्या फोटोंपेक्षा हा पाकळ्या वेचतानाचा, न ठरवता निघालेला फोटोच खरा सुंदर. मला तसं अजिबात वाटत नाही. तो फोटो गमतीचा आहे, पण त्यात निम्म्या लोकांच्या पाठी आहेत आणि मेहुण्यांचा मोबाइल खिशातून पडतो आहे. सुंदर आहे तो दुसरा, महिनोन्‌महिने ठरवलेला : वर गुलाबी कडा, खाली तोच कडा पाण्यात, मधे अंतरपाटाची पांढरी रेघ आणि दोन्हीकडे दोन लहान माणसं. भाचीनं त्या कोनासाठी आदल्या सप्टेंबरात तिथं जाऊन उभं राहून पाहिलं होतं. मेहनतीला योगायोग म्हणणं हा मेहनतीचा अपमान आहे.

डोंगरांचे फोटो काढण्यात ज्याचं नाव अजून पहिलं घेतात, तो ॲन्सेल ॲडम्स हेच सांगेल. एप्रिल १९२७ मध्ये तो योसेमिटीत हाफ डोमच्या समोरच्या कड्यावर चढला, तेव्हा पाठीवरच्या, फोटो काढायच्या बारा काचेच्या प्लेटांपैकी दोनच उरल्या होत्या. एक त्यानं पिवळ्या फिल्टरनं काढली. मग त्याच्या ध्यानात आलं की आकाश फिकं येणार. मनात होतं ते काळंभोर. शेवटच्या काचेला त्यानं गडद लाल फिल्टर लावला. तोच फोटो गाजला. त्या चढाईत त्याची वाग्दत्त वधू व्हर्जिनिया बरोबर होती. आणि या दोघांनी पुढच्या जानेवारीत, २ तारखेला, लग्न कुठं केलं? योसेमिटीच्या खोऱ्यातच, पण बाहेर कड्याखाली नाही, तर तिच्या चित्रकार वडिलांच्या स्टुडिओत. वधूला नवे कपडे घ्यायला सवड मिळाली नव्हती, म्हणून तिनं होता तो काळा पोशाख घातला. संक्रांत तोंडावर आली होती, असं म्हणून आपण ते चालवून घेऊ.

फोटो दीड महिन्यानं आले. मोठा करून चौकटीत बसवलेला तो फोटो पुण्याला आईच्या हातात दिला, तेव्हा तिनं चष्मा पुसून तो बराच वेळ पाहिला. “हिचे बूट दिसतायत,” ती म्हणाली. मग कड्यावर बोट ठेवून, “हे खरं आहे ना?” खरं आहे म्हटल्यावर तिनं मान हलवली आणि फोटो बाबांच्या फोटोशेजारी न लावता समोरच्या भिंतीवर लावायला सांगितला, कारण तिथं सकाळचं ऊन येतं.

तुमच्या घरात कुणी अशा लग्नाचा घाट घालत असेल, तर साडी, फेटा, मेन्यू सगळं मागाहून ठरवा. आधी परवान्याचा अर्ज टाका. महिन्याला ठरावीकच परवाने निघतात आणि सप्टेंबरचे तर बघता बघता संपतात. अक्षता परवानगी असेल तिथं उधळा, डबी गाडीत ठेवा. आणि एक ध्यानात असू द्या : त्या पहाटे धुकं आलं, बर्फ पडलं किंवा शिखर दिसलंच नाही, तरी ते ३०० डॉलर परत मिळत नाहीत.